तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मामा, किती मिळतील ओ?’

मी वकील नाही. सोलापूरच्या कोर्टात वकिलांकडे कारकून म्हणून आयुष्य गेलं, आणि त्यातलं निम्मं तरी अपघाताच्या क्लेमच्या फायली लावण्यात. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या डब्यात, कुठंही गेलो तरी एक प्रश्न ठरलेला. अमक्याचा भाऊ मोहोळजवळ गेला, तमक्याचे वडील तुळजापूर रोडला. मग आवाज खाली येतो, "मामा, केस टाकली तर किती मिळतील ओ?" विचारणाऱ्याला आपलं आपल्यालाच कसंतरी होत असतं. घरात कुणीतरी जुनं माणूस म्हणालेलं असतं, पोराच्या जिवाचे पैसे खायचे का आता?

आधी त्या जुन्या माणसाला सांगतो. जिवाची किंमत कोर्ट करतच नाही. तो जिवंत असता तर घरात काय आणत होता, त्यातलं स्वतःवर काय खर्चत होता आणि अजून किती वर्षं आणलं असतं, एवढंच मोजतात. दुःखाच्या खात्यावर मिळतं ते फार थोडं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात ते ठरवून दिलं: सहवास गेल्याबद्दल ४०,०००, अंत्यविधीचे १५,०००, मागं राहिलेल्या मालमत्तेच्या नुकसानीचे १५,०००, आणि दर तीन वर्षांनी त्यावर १० टक्के वाढ. सहवासाचे पैसे फक्त बायकोला नाहीत, लेकरांना आणि आईवडिलांनाही धरायचे, हे पुढच्या वर्षीच्या निकालात आलं. बाकी सगळी रक्कम त्याच्या कमाईची. ती घरात येणारच होती, मध्येच बंद पडली. त्यात खाण्यासारखं काय आहे?

आता किती ते. समजा माणूस पॉवरलूमवर होता, वय ३४, मागं बायको, दोन लेकरं आणि आई. महिना १५,००० धरले तर वर्षाचे १,८०,०००. कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाची कमाई पुढं वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के घालतात. झाले २,५२,०००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून चौथा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा वजा. उरले १,८९,०००. याला वयाप्रमाणे गुणायचं. तो तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला. ३१ ते ३५ वयाला १६ नं गुणतात, म्हणजे ३०,२४,०००.

कोर्टानं महिना १५ हजार न धरता १० हजारच धरले तर? तोच हिशेब २०,१६,००० वर येतो. दहा लाखांचा फरक, आणि तो पडतो पहिल्याच आकड्याला. म्हणून कुणी "किती मिळतील" विचारलं की मी उलट विचारतो, "कमाईचा कागद काय आहे?" माणसं चिडतात. त्यांना वाटतं, मामा टाळतोय.

आपल्या सोलापुरात या कागदाचीच बोंब आहे. लूमवर आठवड्याचा हिशेब होतो, पैसे हातात मिळतात, पावती कोण देतंय? साक्षीला कारखानदाराला बोलवावं तर तो गायब. हा माणूस आमच्याकडं कामाला होता असं एकदा शपथेवर सांगितलं, की उद्या पीएफचं काय म्हणून विचारणारे दारात येतील, ही त्याची धास्ती. मयताच्या घरी येऊन रडला असेल, खर्चाला पैसे ठेवून गेला असेल, पण पिंजऱ्यात उभा राहायचा नाही. आणि त्याच घरात बायको बिडी वळते. तिच्याकडं कार्ड आहे, पीएफचा नंबर आहे, कंपनीत किती बिड्या दिल्या त्याची नोंद आहे. नवऱ्याच्या निम्म्यानं कमावणारी ती, पण कागदावर कमावती तीच. कुंभारीच्या घरकुलांत नाहीतर अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत जाऊन बघा, घरोघरी हेच सापडेल.

उलटतपासणीत अशी एक बाई उभी होती. विमा कंपनीचे वकील सज्जन होते, आवाजही चढवला नाही. "तुमचा नवरा महिना १५ हजार कमवत होता याचा पुरावा आहे का?" बाईनं पिशवीतून एक वही काढली. किराणा दुकानाची उधारीची वही. दर आठवड्याला जमा, दर आठवड्याला नावे, शेवटपर्यंत तुंबलेलं काही नाही. तिच्या मनानं हाच पुरावा, कमवत नसता तर उधारी फिटली असती का? कायद्याच्या दृष्टीनं ती वही फार टिकणारी नव्हती, पण दुकानदार स्वतः साक्षीला आला, वहीतलं अक्षर आपलं म्हणाला, आणि जज्जसाहेबांनी ते टिपून घेतलं. तेव्हापासून मी लोकांना सांगतो, पगाराची चिठ्ठी नसली तर रडत बसू नका. बचत गटाचे हप्ते, भिशी, मोटारसायकलच्या कर्जाचे हप्ते, पोरांच्या शाळेची फी, फोनवरनं आलेले पैसे, जे असेल ते आणा. हप्ता भरणारा माणूस कमवत होता, एवढं तर त्यातनं दिसतं.

शेतकऱ्याचं वेगळंच. सातबारा, उसाचं बिल, दूध संकलनाचं पुस्तक, कागद भरपूर. पण समोरचे वकील म्हणतात, "जमीन तर जागेवर आहे ना? ती कुठं मेली?" आणि कायद्यात त्यांना आधार आहे. जमीन वारसांकडं राहते, म्हणून सगळं उत्पन्न बुडालं असं धरत नाहीत. कष्ट आणि देखरेख गेली, तेवढ्याचाच हिशेब. मग कोण दारं धरत होतं, आता पाण्याला गडी किती घेतो, गोठ्यातली जनावरं विकली की ठेवली, हे सांगायला लागतं. हे सांगताना माणसं पहिल्यांदा रडतात, असं मी बघितलंय. अपघाताबद्दल सांगताना नाही.

घरातली बाई गेली तर "ती काय कमवत नव्हती" असं तिचाच नवरा सांगतो. असं लिहून देऊ नका. घरकामाला मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या लता वाधवा प्रकरणापासून पुन्हा पुन्हा सांगितलंय.

वयाबद्दल एक गंमत. आपल्याकडं अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिली ती तारीख. आधारवर भलतीच आणि दाखल्यावर भलतीच. ३५ आणि ३६ मध्ये गुणाकार १६ वरनं १५ वर येतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की वय ठरवायला आधार कार्ड नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरा. तेव्हा आधी शाळेत जा.

आता चूक कुणाची. कारखाने चालू झाले की आपल्या रस्त्यांवर रात्री काय असतं, तुम्हाला माहीत आहे. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन कडेला, कडेला कसली, निम्मी रस्त्यात. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोटारसायकलवाला त्यात घुसतो आणि गुन्हा दाखल होतो मयतावरच, कारण ट्रॉली उभी होती आणि हा हलत होता. घरचे म्हणतात, जाऊ द्या, चूक आपलीच. घटनास्थळाचा पंचनामा वाचल्याशिवाय असं म्हणू नका. दिवा नव्हता, दगड लावले नव्हते, ट्रॉली किती डांबरावर होती, हे त्यात लिहिलं असेल तर दावा उभा राहतो. लिहिलं नसेल तर त्याच दिवशी कुणाच्या मोबाईलवर फोटो काढलाय का, ते शोधा. मोटारसायकलवर तिघं होते एवढ्यावरनंही मयताची चूक ठरत नाही, असा २०२० चा निकाल आहे. तो सांगितला की लोकांचा जीव भांड्यात पडतो. अर्थात खरंच स्वतःच्या चुकीनं गाडी घसरून गेलेला असेल, समोर दुसरं वाहनच नसेल, तर असा दावा टिकत नाही. तिथं गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण बघायचं. पण हप्ता वाचवायला ते न घेतलेलेच जास्त.

ड्रायव्हर फौजदारी खटल्यातनं सुटला म्हणून क्लेम जात नाही. तिथं गुन्हा संशयापलीकडं शाबीत करावा लागतो, इथं तेवढं लागत नाही. ड्रायव्हरकडं लायसन्स नव्हतं तर बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी तुम्हाला द्यायला सांगतात आणि मग मालकाकडनं वसूल करायला. खरी पंचाईत गाडीला विमाच नसला की होते. हुकूमनामा हातात, आणि मालकाच्या नावावर काही नाही. आणि वाहन पळूनच गेलं, सापडलंच नाही, तर कोर्टात येऊ नका. तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करा. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आहेत. पूर्वी २५ हजार होते.

त्याच तारखेपासून एक वाईट गोष्टही झाली. दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा, असं कलम पुन्हा लागू झालं. मधली जवळजवळ तीस वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळं "वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू" ही सवय अजून आहे. त्या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्याच्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल प्राधिकरणाकडं, म्हणजे असे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडं, पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. विचारलं की जातो.

घाई करा म्हणतो, याचा अर्थ शवागाराच्या दारात जो कार्ड देतो त्याला सही द्या असा नाही. निम्मे आमचे, निम्मे तुमचे, असं सांगणारे असतात. टक्क्यावर फी घेणं वकिलीच्या नियमात बसत नाही. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. चेकबुक कुणाकडं देऊ नका.

आणि आता ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही ते. खरी भांडणं विमा कंपनीशी नसतातच. ती निकालाच्या आसपास घरात सुरू होतात. सून चोवीस-पंचवीसची, माहेरी गेलेली. सासरे येऊन म्हणतात, "मामा, तिचं नाव काढता येतं का? ती काय, उद्या दुसरं लग्न करेल." मी सांगतो, येत नाही. दुसरं लग्न केलं म्हणून विधवेचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. सासरे खलनायक नसतात बरं का. त्यांनी मुलाच्या लग्नाचं कर्ज काढलेलं असतं, ते अजून फिटायचं असतं. सुनेच्या भावाला वाटतं, बहिणीचे पैसे हे लोक गिळणार. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून दाव्यात सगळ्यांची नावं सुरुवातीलाच घालायची आणि वाटणी साहेबांना करू द्यायची. आईचा हिस्सा वेगळा, बायकोचा वेगळा, लेकरांचा त्यांच्या नावानं बँकेत ठेव म्हणून. ती ठेव मूल सज्ञान होईपर्यंत मोडता येत नाही, म्हणून बायका माझ्यावर रागावतात. शाळेला किंवा दवाखान्याला लागले तर अर्ज करून काढता येतात, पण त्यासाठी परत कोर्टात यावं लागतं हे खरं आहे.

लोकअदालतीत मिटवायचं का? आकडा पटला तर जरूर मिटवा, पण तिथं झालेल्या तडजोडीवर अपील नाही. वरचा हिशेब एकदा कागदावर मांडूनच बसा. नाही मिटलं आणि निकाल लागला तरी कंपनी अपिलात जाऊ शकते, तुम्हीही वाढवून मागायला जाऊ शकता, मुदत ९० दिवस. पूर्वी त्यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायला लागायची, वकिलांना भेटून परत रात्रीची गाडी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात आहे. फाईल आता तिकडं जाते, एसटीनं जाऊन येता येतं. अर्ज टाकल्या तारखेपासूनचं व्याज मात्र हिशेबात धरलंय का, ते निकालाच्या नकलेत स्वतः बघा.