मृत्यूच्या कारणात न सापडणारी कावीळ

आमच्या खान्देशात कुणी पोट फुगून, रक्ताची उलटी होऊन गेले की घरचे लोक ‘पांढरी कावीळ होती’ किंवा ‘पोटात पाणी झाले होते’ असे सांगतात. रुग्णालयाच्या अभिलेख विभागात काम करताना मला वाटते, की त्यांचे हे सांगणे पुष्कळदा आमच्या कागदापेक्षा खऱ्या कारणाच्या अधिक जवळ असते.

रुग्णालयात मृत्यू झाला, की डॉक्टर त्याचे कारण नमुना ४ या ठरावीक अर्जात लिहितात. हिपॅटायटिस बी या विषाणूजन्य काविळीमुळे सिरोसिस (यकृत घट्ट होऊन खराब होणे) होऊन रुग्ण दगावला, तर वरच्या ओळीत यकृत निकामी होणे, त्याखाली सिरोसिस आणि सर्वांत खाली मूळ कारण म्हणून दीर्घकालीन हिपॅटायटिस बी अशी नोंद हवी. प्रत्यक्षात वर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ (हृदय व श्वास बंद पडणे), फार तर खाली ‘क्रॉनिक लिव्हर डिसीज’ (यकृताचा जुनाट आजार) आणि शेवटची ओळ कोरी, असे अर्ज येत राहतात. विषाणूचा पॉझिटिव्ह रिपोर्ट मात्र त्याच केसपेपरला टाचलेला असतो. रुग्ण दारू पिणारा असेल, तर सारा दोष दारूवर जातो आणि कधी कधी रक्त तपासलेलेच नसते. अशा मृत्यूची गणना विषाणूजन्य कावीळीत होत नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस सी या दुसऱ्या विषाणूजन्य काविळीसाठी वैद्यकीय देखरेखीखाली असलेल्या मृतांपैकी जेमतेम १९ टक्क्यांच्या दाखल्यावर त्या आजाराचे नाव होते. आपल्याकडे तर २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२ टक्क्यांनाच वैद्यकीय कारण लाभले. सातपुड्याच्या पाड्यावर घरीच दगावलेल्या माणसाचे कारण कोण लिहिणार?

बदनामीच्या भीतीने विषाणूचे नाव टाळणाऱ्या डॉक्टरांना मी आवर्जून सांगतो, की नातेवाईकांच्या हाती पडणाऱ्या मृत्यू दाखल्यावर कारण छापण्यास कायद्यानेच मनाई आहे. कारणाचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. हिपॅटायटिस बी आईकडून बाळाला आणि घरातल्या घरात पसरू शकतो; त्या प्रतीवर नाव असेल, तरच मृताची बायको, भाऊ आणि मुले रक्त तपासून घेतील आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस देता येईल. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि शेवटची ओळ कोरी असलेला अर्ज मी स्वीकारत नाही, वॉर्डात परत पाठवतो.