शब्दवही: ‘डूलाली’ची नोंद पूर्ण झाली

आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांच्या वहीत ‘मुंगूस’ केव्हाच लागला होता, त्यात फारशी डोकेफोड नव्हती. या महिन्यात मात्र ‘डूलाली’ने चांगलंच अडकवून ठेवलं.

इंग्रजीत कुणी ‘डूलाली’ झालं म्हणजे त्याचं डोकं फिरलं. जुनं रूप ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क ताप! गोऱ्या सोल्जरांच्या तोंडात ‘ळ’ कुठला टिकायला? पुढे ‘टॅप’ही गळून पडला. ते बरंच झालं म्हणा, नाहीतर इंग्रज वाचक त्यात डोक्यावरची टिचकी शोधत बसला असता.

उन्हाने माथं भडकतं म्हणून हा शब्द आला, हे मला पटत नाही. देवळाली हवापालटाचं गाव, मुंबईकर तिथे सॅनेटोरियममध्ये जाऊन राहायचे. खरं कारण छावणीत सापडतं. १८६१ साली तिथे ब्रिटिश फौजेचा ट्रान्झिट कॅम्प सुरू झाला. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर हिंदुस्थानभरातून इथे यायचे आणि विलायतेच्या जहाजाची वाट बघायचे. सैन्याची जहाजं थंडीच्या दिवसांतच सुटत. हंगामातलं शेवटचं जहाज चुकलं की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम पोस्ट देवळाली.

फ्रँक रिचर्ड्स या ब्रिटिश सैनिकाने १९३६ च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’मध्ये हे लिहून ठेवलंय. या लोकांकडे हत्यारं नसत. अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित एखादी लांब कूच, बाकी दिवसभर माश्या मारायच्या. वर्षानुवर्षं शिस्तीत राहिलेले गडी इथे येऊन भलतंसलतं करून बसत आणि जहाजाआधी तुरुंगाची वारी करत. अशांना सोबती म्हणत, याला डूलाली टॅप झालाय. ही व्युत्पत्ती मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण सांगणारा स्वतः त्याच फौजेतला.

वहीत या नोंदीशेजारी आता ‘डेको’ (‘देखो’वरून, म्हणजे एक नजर) आणि ‘कुशी’ (‘खुश’वरून, म्हणजे आरामाचं) बसवलेत. तिन्ही बराकीतलेच.

पुढचा नंबर ‘ब्लायटी’चा. ‘विलायती’वरून आलेला हा शब्द म्हणजे मायदेश इंग्लंड. पहिल्या महायुद्धात तर मायदेशी पाठवावं लागेल इतपत, पण जीव न घेणारी जखम झाली, की तिलाच ‘ब्लायटी’ म्हणत, आणि ती मिळालेल्याचा बाकीच्यांना हेवा वाटे. त्यावर सविस्तर पुढच्या महिन्यात.