मिग वेल्डर घेतला, पण २३ दिवस एका स्टिकरपायी गेले

मशिन घेऊन आता चार महिने झाले, काम मस्त चालू आहे, पण तो स्टिकर आठवला की अजून डोकं फिरतं. म्हणून लिहायला बसलोय. घरच्या शेडसाठी मिग, म्हणजे रॉडऐवजी हातातल्या टॉर्चमधून सतत वायर सोडणारं, बहुधा गॅसवर चालणारं वेल्डिंग मशिन, घ्यायचा विचार असेल तर तुमचे तरी एवढे दिवस जाऊ नयेत.

माझ्याकडे आधी साधं रॉडवालं आर्क मशिन होतं. अँगल, चॅनेल, जाड प्लेट, सगळं त्यावर केलं आणि छान झालं. पण १.६ एमएमचा चौकोनी पाईप आला की रडकुंडीला यायचो. करंट कमी केला की रॉड चिकटतो, वाढवला की भोक, मग ते भोक भरत बसा, वेल्डवरची खपली (स्लॅग) ठोका, ग्राइंडर मारा. एका टेबलाचे चार पाय जोडायला अख्खा रविवार गेला, त्या संध्याकाळी ठरवलं की आता मिगच.

वाचून, विचारून एवढं लवकर कळलं की साध्या लोखंडाला दर एमएम जाडीमागे साधारण ४० अँपिअर धरायचे. म्हणजे १.६ च्या पाईपला ६५ च्या आसपास, ३ एमएमला १२०. माझं नव्वद टक्के काम ३ एमएमच्या आतलं आहे. वायर ०.८ एमएमची, ईआर ७० एस-६ (हा साध्या लोखंडासाठीचा वायरचा ग्रेड), ती जवळपास सगळीकडे मिळते आणि थोडाफार गंज, मिलस्केल (लोखंडावरची काळी पापडी) असलं तरी सांभाळून घेते. इथपर्यंत काही अडचण आली नाही. हेल्मेट, ग्लोव्हज, रेग्युलेटर सगळं एका दिवसात झालं.

अडकलो ते मशिनच्या आकड्यावर.

दुकानात गेलो, सांगितलं की घरगुती सिंगल फेज कनेक्शन आहे, १६ अँपिअरचं सॉकेट, त्यावर चालणारं मिग पाहिजे. त्यांनी २०० वालं, म्हणजे २०० अँपिअर वेल्डिंग करंटचं, दाखवलं. समोर मोठ्या अक्षरात २०० लिहिलेलं. मी विचारलं १६ च्या सॉकेटवर चालेल ना, तर म्हणाले, साहेब इन्व्हर्टर मशिन आहे (म्हणजे जुन्या जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्डवालं), आरामात चालेल. शेजारीच १६० वालं होतं, ते म्हणाले हे लहान आहे, उद्या जाड काम आलं तर पस्तावाल. मलाही ते पटलं, कारण २०० हे १६० पेक्षा जास्त हे तर कुणालाही कळतं. घेऊन आलो. घरी आल्यावर बघतो तर केबलच्या टोकाला प्लगच नाही, नुसत्या तीन वायरी बाहेर. तेव्हाच शंका यायला हवी होती. १६ च्या सॉकेटसाठी बनवलेल्या मशिनला अनेकदा प्लग लावूनच येतो, नसेल तर त्यामागे कारण असू शकतं. मी गुमान प्लग जोडला.

पातळ पाईपवर सुंदर चाललं. पहिल्याच संध्याकाळी हौसेनं ५ एमएमच्या प्लेटवर करंट पूर्ण वाढवून बीड, म्हणजे वेल्डची ओळ, टाकायला घेतला आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) खटकन खाली. थांबलो, परत उचलला, परत खाली. चार वेळा.

तिसऱ्या दिवशी मशिन गाडीत घालून दुकानात. तिथं त्यांनी त्यांच्या ३२ अँपिअरच्या निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटवर लावून १०-१२ सेकंदांचे दोन बीड टाकून दाखवले आणि म्हणाले मशिन ओके आहे, तुमच्याकडंच व्होल्टेज कमी असेल. घरी येऊन मल्टीमीटर लावला, रिकामं असताना २२८, चालू असताना २२१. व्होल्टेज काही कमी नव्हतं.

मग ओळखीच्या एका काकांना फोन लावला, ३० वर्षं फॅब्रिकेशन करतात. त्यांनी एकच विचारलं, "नेमप्लेट काय म्हणते?" मी म्हटलं काका २०० लिहिलंय. "अरे ते समोरचं सोड, मागं छोटी पट्टी असते बघ, बारीक अक्षरांची, तिचा फोटो पाठव."

मशिन वळवलं. पट्टी होती, पण तिच्या खालच्या अर्ध्या भागावर दुकानाचा वॉरंटी स्टिकर बरोब्बर चिकटवलेला. मला हवी होती तीच ओळ त्याच्याखाली! पुस्तिकेत बघावं तर तीन मॉडेलचा एकच तक्ता, त्यात माझ्या मॉडेलच्या ओळी वर-खाली सरकलेल्या, कुठला आकडा कुणाचा ते कळेना. दुकानात फोन केला की शोरूममधल्या दुसऱ्या मशिनच्या नेमप्लेटचा फोटो पाठवा, पाठवतो म्हणाले. दोन दिवस वाट बघितली, पाचव्या दिवशी रात्री हेअर ड्रायरनं गरम करून स्टिकरचा कोपरा हळूहळू उचलला. जपून काढला तरी मधोमध चिरला.

आता ती पट्टी कशी वाचायची ते नीट सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. एक्स नावाची ओळ असते, ती ड्युटी सायकल. दहा मिनिटांतली किती मिनिटं सलग वेल्डिंग करता येतं त्याचे टक्के, तेही ४० डिग्री तापमान धरून. त्याच्याखाली आय-टू म्हणजे वेल्डिंगचा करंट. माझ्या पट्टीवर २०% ला २००, ६०% ला ११५, १००% ला ९०. म्हणजे २०० वर दोन मिनिटं वेल्डिंग आणि आठ मिनिटं थंड व्हायची वाट. आणि स्टिकरखाली लपलेली ओळ, आय-वन-मॅक्स, म्हणजे मशिन भिंतीतल्या सॉकेटमधून जास्तीत जास्त किती ओढतं: ३६ अँपिअर. त्याच्याशेजारी आय-वन-इफेक्टिव्ह १६. दुकानदार ज्या १६ च्या जोरावर आरामात चालेल म्हणत होता तो हा सोळा. हा थांबत थांबत काम करताना पडणारा सरासरी भार असतो, केबल किती तापेल ते ठरवायला. पूर्ण करंटवर बीड चालू असतो तेव्हा १६ च्या एमसीबीला समोरचे ३६ च दिसतात, आणि तो पडतो. त्यात त्याचा काही दोष नाही, तो त्याचं काम करतोय.

हिशोबही सोपा आहे. मिगमध्ये २०० अँपिअरला साधारण २४ व्होल्ट धरतात, म्हणजे ४.८ किलोवॅट बाहेर पडतात. मशिनमधला लॉस धरा, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरा कामाला येणारा वाटा) धरा, छोट्या इन्व्हर्टरमध्ये तो ०.७ च्या आसपास असतो, की आत जाणारा करंट ३५ च्या वरच येतो. याच हिशोबानं १०० अँपिअरला १४ च्या जवळपास येतात, ते १६ वर बिनधास्त चालतं. म्हणूनच माझे पातळ पाईप छान होत होते.

काकांना फोटो पाठवला, त्यांनी सांगितलं आता शेजारच्या त्या १६० वाल्याची पट्टी बघ. दुकानात जाऊन स्वतः वाकून वाचली. ३५% ला १६०, ६०% ला १२२, १००% ला ९५. आय-वन-मॅक्स २६, हेही १६ च्या वरच, पण ते पूर्ण १६० वर, आणि माझं बहुतेक काम त्याच्या बरंच खालचं. मी तिथंच उभा राहून दोनदा वाचलं. ज्याला लहान म्हणत होते ते ६०% ला २०० वाल्यापेक्षा जास्त देत होतं! सलग काम करायचं तर तेच मोठं मशिन होतं.

म्हटलं मला हे बदलून द्या, वरचा फरक राहू दे तुमच्याकडे. तर त्यांनी मशिन उलटं करून बघितलं आणि म्हणाले स्टिकर फाटलाय, वॉरंटी गेली, बदली होणार नाही. मी म्हटलं अहो तो स्टिकर तुम्हीच नेमप्लेटवर लावलाय, गिऱ्हाइकानं वाचायची कशी? तर सर्व्हिस सेंटरचा फॉर्म भरा म्हणाले. फॉर्मवर रकाना एकच: मशिनमधील दोष. काय लिहू? दोष नाहीच ना. मशिन चांगलं आहे, माझ्या कनेक्शनला ते जमत नाही, यासाठी रकानाच नाही. मी दोषाच्या जागी 'दोष नाही, १६ अँपिअर कनेक्शनवर आय-वन-मॅक्स ३६ चालत नाही' असं लिहिलं. अकरा दिवस मशिन तिथं पडून राहिलं आणि मग मेसेज आला: तपासणी झाली, दोष आढळला नाही, घेऊन जा. मला त्या दिवशी खरंच ओरडावंसं वाटलं. अकरा दिवस तपासून मी स्वतः फॉर्मवर लिहिलेलंच मला परत कळवलं!

सुटका झाली ती वेगळ्याच कागदामुळं. पहिल्या दिवशी त्यांनी कोटेशन हातानं लिहून दिलं होतं, ते घरी ड्रॉवरमध्ये सापडलं. त्यात खाली त्यांच्याच अक्षरात 'घरगुती १६ अँपि. सॉकेटसाठी' असं लिहिलेलं. ते आणि पट्टीचा फोटो घेऊन गेलो, मालकांशीच बोलायचं म्हणून बसून राहिलो, दीड तासानं मालक आले, दोन्ही कागद शेजारी ठेवले. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, द्या यांना १६० वालं. तेविसावा दिवस होता. गाडीत मशिन ठेवताना एवढं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

म्हणून सांगतो, आपली वायरिंग काय आहे ते घेण्याआधीच बिलावर किंवा कोटेशनवर त्यांच्याकडून लिहून घ्या. तोंडी काहीही चालत नाही.

आणि एक, एमसीबी पडतो म्हणून नुसता मोठा एमसीबी बसवायचा सल्ला मला तिघांनी दिला. तसं अजिबात करू नका. भिंतीतली वायर तीच राहिली तर मग एमसीबी पडत नाही, वायर तापते. वाढवायचंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून जाड वायरची वेगळी लाईन ओढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशनचंही तसंच. दीड एमएमची २० मीटर एक्स्टेंशन २५ अँपिअरला जवळजवळ १२ व्होल्ट खाते, वर गुंडाळलेली राहिली की तापते ती वेगळीच.

बाकी निवडताना काय बघितलं ते आठवेल तसं लिहितो. झाकण उघडून वायर फीडर बघा, रोलर धरणारा सांगाडा धातूचा आहे का, प्लॅस्टिकचा काही दिवसांत वाकतो आणि मग वायर अडखळत येते. रोलरवर ०.६, ०.८ असे खाचांचे आकडे असतात, वापरायची खाच कुठल्या बाजूला येते ते विचारून घ्या, मी पहिल्या दिवशी चुकीच्या खाचेत वायर टाकून तासभर गुंता सोडवत बसलो होतो. टॉर्च युरो कनेक्टरवाली (ही टॉर्च जोडायची ठरावीक मापाची जोडणी) निघणारी असावी, खराब झाली तर दुसरी कुठलीही बसते. ५ किलोचं रीळ मावतंय ना बघा, एक किलोवालं महाग पडतं आणि ऐन कामात संपतं.

बिनगॅसच्या वायरचा मोह मलाही झाला होता, सिलिंडरची कटकट नाही, उघड्यावर वारा असला तरी चालतं. पण त्या वायरला टॉर्च निगेटिव्हला लागते आणि साध्या वायरला पॉझिटिव्हला, तर आत पोलॅरिटी (निगेटिव्ह-पॉझिटिव्हची जोडणी) बदलायची सोय आहे का ते बघून घ्या, काही स्वस्त मशिनमध्ये ती नसतेच. शिवाय स्लॅग परत ठोकायचा, धूर जास्त. मी गॅसवरच आहे. शुद्ध सीओटू (कार्बन डायऑक्साइड) स्वस्त, पेनिट्रेशन चांगलं म्हणजे वेल्ड खोल जातो, पण शिंतोडे जास्त उडतात. आरगॉन-सीओटू मिक्समध्ये बीड गुळगुळीत येतो, पातळ पत्र्याला तेच बरं. फ्लो मिनिटाला १० ते १२ लिटर ठेवतो, पंखा बंद, दार मात्र उघडं, कारण सीओटू हवेपेक्षा जड असतो आणि बंद शेडमध्ये खाली साचतो. एक किलो सीओटूचा साधारण ५४० लिटर गॅस होतो, त्यावरून सिलिंडर किती चालेल ते काढा. गॅल्व्हनाइज्ड पाईप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी ग्राइंडरनं पूर्ण काढा, त्याच्या धुरानं रात्री ताप भरतो.

काम संपलं की मशिन लगेच बंद करू नका, आतला पंखा पाच मिनिटं चालू द्या. आणि ग्राइंडर मशिनच्या दिशेनं मारू नका, लोखंडाची भुकटी पंख्यातून आत गेली की इन्व्हर्टरचा बोर्ड जातो.

परवाच त्या टेबलासारखंच दुसरं केलं, तोच १.६ चा पाईप, ६५ च्या आसपास करंट. आवाज एकसारखा तडतडत राहिला, एकही भोक नाही, चारही पाय दुपारच्या आत.

हां, एक राहिलंच. १६० वालं देताना त्यांचा मुलगा वॉरंटी स्टिकर घेऊन परत मागच्या बाजूला वळला होता. मी त्याचा हात धरला, आधी नेमप्लेटचा फोटो काढला, आणि तो स्टिकर हँडलच्या खाली रिकाम्या जागेत लावून घेतला.