तुम्ही विचारलंत म्हणून: लढाईत जनावरांच्या डॉक्टरचं काय काम?

मी माण तालुक्यात गाईम्हशींचा डॉक्टर, त्याआधी आर्मीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या जनावरांचं बघणाऱ्या शाखेत होतो. हे कळलं की गोठ्यात कोणीतरी हमखास विचारतंच, "डॉक्टर, लढाईत जनावरांच्या डॉक्टरचं काय काम हो, आता कुठं घोड्यावरनं लढतात?"

घोड्यावरनं नाही लढत, पण खेचरं लागतात. 1999 ला कारगिलच्या वेळी मी द्रासकडे होतो, तिथं रस्ता संपला की पुढं नुसती पायवाट, आणि दारूगोळा, रेशन, पाणी वर जायचं ते एकतर खेचराच्या पाठीवर नाहीतर जवानाच्या. गोळाबारी असायची म्हणून रात्रीचं, अंधारातच.

आमच्याकडे यायचं ते म्हणजे खोगीर घासून पडलेल्या जखमा, निघालेले नाल, स्प्लिंटर म्हणजे तोफगोळ्याचे अंगात घुसलेले तुकडे, आणि पोटशूळ. शूळ मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटतो, कारण घोड्याला काय खेचराला काय उलटी होत नाही, पोट तटतटलं की वरनं सुटकाच नाही. एका रात्री एक खेचर घामानं निथळत आणलं, सारखं खाली बसायला बघतंय, कुशीला स्टेथो लावला तर आतडी एकदम गप्प. नाकातनं नळी घालून लिक्विड पॅराफिन सोडलं, इंजेक्शन दिलं, पुढं वाट बघायची. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे खेचर सांभाळणारा जवान, गढवालचा विशीतला पोरगा, रात्रभर त्याला हळूहळू फिरवत राहिला, लोळू दिलं नाही, स्वतः जेवला पण नाही. पहाटे ओंजळीत लीद घेऊन पळत आला, "साब, लीद कर दी!" आणि रडायलाच लागला.

अशी जनावरं आहेत ती. 1971 च्या लढाईत पेडोंगी नावाचं खेचर पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागलं होतं, ते त्यांचीच मशिनगन आणि गोळ्यांच्या पेट्या पाठीवर घेऊन आपल्याकडे परत आलं. पुढं दिल्लीत त्याचा सत्कार झाला, निळी मखमली झूल घालून. व्हायलाच हवा होता.

मागच्या आठवड्यात एका वस्तीवर गेलो, नुकतीच व्यालेली जर्सी आडवी, मान कुशीत, कान गार. मिल्क फीवर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. कॅल्शियम शिरेतनं अगदी सावकाश सोडायचं, घाई केली तर हृदयच थांबतं, म्हणून स्टेथो छातीवरच. बाटली संपत आली तशी ती थरथरली, ढेकर दिला, शेण टाकलं आणि धडपडत उठली. घरची आजी म्हणाली, "डॉक्टर, हात धुवा, च्या ठेवलाय." मी अजून त्या शेणाकडंच बघत उभा.