३१ टिंबं

या स्मरणिकेसाठी मजकूर मागवणारं पत्र आलं, त्यात शेवटी एक ओळ होती: ‘मजकूर युनिकोडमध्ये, १२ पॉइंटमध्ये टाइप करून पाठवावा, कसलीही सजावट करू नये.’ वाचून हसूच आलं. सजावटीवरून आम्ही संगणकाच्या बाईंना जेवढं छळलं, तेवढं आणखी कशावरून छळलं नसेल.

नववीत पहिल्यांदा वर्ड उघडला. एका संगणकावर दोघी. एकीकडे कीबोर्ड, दुसरीकडे माउस, आणि दोघींत भांडण. फॉन्टची यादी सापडली तो तास तर वाहूनच गेला. कॉमिक सॅन्स, लाल रंग, वर वर्डआर्टची कमान, खाली दुहेरी रेघ. बाई मागून यायच्या, जरा वेळ बघायच्या आणि विचारायच्या, “यातलं मी आधी काय वाचू?” सगळंच ओरडत असायचं, त्यामुळे उत्तर सुचायचं नाही.

फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी वर्षभर एकच वाक्य ठेवलं होतं: आधी निवडा, मग सांगा. शब्दावर दोनदा क्लिक केलं की शब्द निवडला जातो, तीनदा केलं की अख्खा परिच्छेद. आम्ही मात्र ओळीच्या शेवटी कर्सर ठेवून कंट्रोल-बी दाबायचो. मागचं तसंच राहायचं, पुढे टाइप केलेलं ठळक व्हायचं, आणि आम्ही ‘बाई, हा बिघडलाय’ म्हणून हात वर करायचो.

तो किस्सा क्रीडा दिनाच्या सूचनेचा. मथळा मधोमध हवा होता, म्हणून मी स्पेसबार दाबत दाबत तो बरोबर मध्यावर आणला. छान दिसत होता. बाई आल्या, काही न बोलता मथळा १२ पॉइंटवरून २० वर नेला. तो उजवीकडे सरकला आणि शेवटचा शब्द धपकन खालच्या ओळीत पडला. मग त्यांनी टूलबारवरचं उलट्या पी-सारखं बटण दाबलं. मथळ्याच्या आधी मुंग्यांची रांग लागावी तशी टिंबं उमटली. एक स्पेस, एक टिंब.

“मोज.”

मी मोठ्याने मोजली. ३१. अख्खा वर्ग ऐकत होता. मग ती सगळी पुसली आणि कंट्रोल-ई दाबलं. आता आकार वाढवा, समास बदला, मथळा मधे तो मधेच.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मीही असंच करायचे, टाइपरायटरवर.” तिथे मथळा मधोमध आणायचा म्हणजे कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, कागदाच्या मध्यावर आणून दर दोन अक्षरांमागे एकदा बॅकस्पेस. मग टाइप करायचं. हा हिशेब जमायचा, कारण साध्या टाइपरायटरवर आय असो की एम, दोघांना जागा सारखीच. संगणकावरच्या टाइम्स न्यू रोमन फॉन्टमध्ये आय बारीक, एम रुंद. तिथे मोजून काय होणार? अधोरेखित करण्याची सवयही तिथलीच. ठळक अक्षराची सोय नव्हती, म्हणून मागे येऊन अक्षरांखाली रेघ मारायची. “आता ठळक करता येतं, तर रेघ कशाला?” हा बाईंचा प्रश्न मला आजही अनेक अहवाल बघताना आठवतो.

मराठीत ती रेघ आणखीच घात करते. उकार नेमके तिच्यात अडकतात आणि ऱ्हस्व-दीर्घ कळेनासं होतं. तिरपी अक्षरंही रोमन छपाईची रीत. मराठी मजकूर तिरपा केला की मला तरी तो कलंडल्यासारखाच वाटतो. शिवाय तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते. आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत, वर मराठी अक्षरांचा मुखवटा. माझ्या जोडीदारणीने दीड पानी निबंध टाइप केला, कंट्रोल-ए करून सगळ्याला टाइम्स न्यू रोमन लावला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. ती रडायच्या बेतात. बाईंनी तिचीच दोन बोटं धरून कंट्रोल-झेडवर ठेवली. निबंध परत आला.

स्टाइल्सही त्यांनी शिकवल्या होत्या. मथळा नुसता मोठा आणि ठळक करू नका, त्याला ‘हेडिंग १’ म्हणा, म्हणजे संगणकालाही कळेल की हा मथळा आहे. तेव्हा हे फाजील वाटलं होतं. पुढे नोकरीत एक जाडजूड अहवाल हातात आला. सगळे मथळे हाताने रंगवलेले, प्रत्येकाचा आकार निराळा, नवं पान हवं तिथे एंटरची माळ. एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं घसरायची. कंट्रोल-एंटर एकदा दाबलं असतं तर काम झालं असतं! दोन दिवस घालून सगळ्या मथळ्यांना स्टाइल्स लावल्या, तेव्हा अनुक्रमणिका एका क्लिकमध्ये तयार झाली. त्या दिवशी बाईंना फोन करावासा वाटला. नंबर नव्हता.

नवा वर्ड २००७ पासून कॅलिब्री फॉन्टमध्ये उघडू लागला, आता ॲप्टोसमध्ये उघडतो. ते उलट्या पी-चं बटण अजून आहे. हा मजकूर पाठवण्याआधी दाबून पाहिलं. फोनच्या वाक्यानंतर एक टिंब जास्तीचं निघालं.