बाबांचं ‘पित्त’

आमच्या देवगडात पोटाचं कुठलंही दुखणं ‘पित्त’ या एका नावावर खपतं. जेवल्यावर जळजळलं, पित्त. पहाटे कळ येऊन जाग आली, पित्त. मग पाण्यात कोकमाचं आगळ घालून प्यायचं आणि बागेत निघायचं. बाबांनी दोन वर्षं तेच केलं.

गेल्या एप्रिलमध्ये आंबा उतरवायची घाई होती. कातळावर चढउतार करून बाबांचे गुडघे धरलेले. पहाटे कोरा चहा, त्यावर मेडिकलमधून सुट्ट्या आणलेल्या दुखण्याच्या दोन गोळ्या, आणि मग दिवसभर हातात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी. आईला वाटलं तिखट बाधतंय. तिने बांगड्याचं तिखलं बंद करून पेज सुरू केली. बाबा मुकाट्याने जेवायचे. फरक पडला नाही, कारण दोष तिखटाचा नव्हताच.

एका दुपारी पेट्या भरताना मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपट्यात, त्यांना भोवळ आली. चेहरा पांढराफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 6.4, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी विचारलं, “परसाकडला काळं होतं का?” बाबा माझ्याकडे बघून गप्प. मी बाहेर गेल्यावर बोलले. आठ दिवस डांबरासारखं काळं, चिकट होत होतं. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. नंतर आईला म्हणाले, “असला काय चेडवासमोर सांगूचा असता?” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

त्या वाक्याने मला अजून गलबलून येतं. जठरात रक्त गळलं की आम्लामुळे ते काळं पडतं, म्हणून लाल दिसत नाही. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण असा चिकटपणा आणि तो उग्र वास येत नाही. हे आम्हाला आठ दिवस आधी माहीत असायला हवं होतं.

त्याच रात्री गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठलं. रक्ताच्या बाटल्या चढल्या, एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिलं. जठरात अल्सर, म्हणजे आतल्या अस्तराला जखम. तिथलाच कणभर तुकडा पिवळ्या जेलीत टाकला आणि थोड्या वेळाने जेली गुलाबी झाली. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आत होता. अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो, असं पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हे जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. 2005 मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. इतकी वर्षं झाली, आमच्या ओटीवर मात्र अजून तिखटच गुन्हेगार.

जिवाणूच्या जोडीला त्या गोळ्या होत्या. डायक्लोफेनॅकसारखी औषधं दुखणं कमी करतात, पण जठराचं आम्लापासून रक्षण करणारं अस्तरही कमजोर करतात. खाऊन घेतली तरी धोका पूर्ण टळत नाही. म्हणून गुडघे रोज दुखत असतील तर गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि पोटाची तक्रार आधी सांगा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर आगळ-सोडा करत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. वजन उतरू लागलं, घास अडकू लागला, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी जळजळ सुरू झाली, तर तेही पित्त म्हणून सोडू नका.

बाबांना 14 दिवस अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून ते थांबवणार होते. आईने पाकीट स्वतःच्या ताब्यात घेतलं. जिवाणू गेला का, हे पुढे शौच तपासून बघायचं होतं. त्या वेळी डबी बाबांनी स्वतः नेऊन दिली.

या हंगामात बागेतल्या नेपाळी गड्याने कंबरदुखीची गोळी मागितली. बाबांनी त्याला ओटीवर बसवलं, आईला पेज वाढायला सांगितली आणि हलक्या आवाजात, मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, शौच काळी होते का. मी तिथेच उभी होते. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून बोलणं थांबवलं नाही.