वीसच किलो गहू

बँकेत मार्च संपला की हिशेब मिटतात आणि बदल्यांच्या गोष्टी सुरू होतात. खरी यादी यायची तेव्हा येते, त्याआधी चहाच्या टपरीवर तीन-चार याद्या येऊन जातात. यंदा पहिल्या यादीत मी नांदेडला गेले, दुसरीत रत्नागिरीला. तिसरीत पुण्यातच राहिले होते, पण ती यादी ज्याने आणली त्याच्यावर शाखेत शिपाईसुद्धा विश्वास ठेवत नाही.

बदलीचं मला नवीन काही नाही. पेच होता तो घरमालकांना कधी सांगायचं याचा.

कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी चौथीतली लेक राहतो. खाली काका-काकू. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. लेक शाळेतून आधी त्यांच्याकडे जाते, मी आल्यावर वर येते. कधीकधी येतही नाही.

करार अकरा महिन्यांचा. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोकांनी बारातला एक महिना गाळला. महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बुजली. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. तरी अकराचा आकडा काही सुटत नाही. आमच्याकडे दर अकरा महिन्यांनी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो आणि काकूंच्या जेवणाच्या टेबलावर सोहळा होतो. काकांचा अंगठा एका फटक्यात कधीच लागत नाही. "आयुष्यभर भांडी मी घासली आणि रेषा यांच्या गेल्या," असं काकू दर वेळी म्हणतात आणि एजंट दर वेळी हसतो.

त्या करारात एक महिन्याची नोटीस आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यासाठी कायद्यात दुप्पट भाड्याची सोय आहे. म्हणजे जाणाऱ्याचा विचार झालाय, न जाणाऱ्याचाही झालाय. 'कदाचित जाईन' म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच कलमात सापडत नाही.

आधी सांगावं, तर बाजारात तुरी. काका शब्दाचे पक्के माणूस. लगेच नवा भाडेकरू बघतील, त्याला शब्द देतील, आणि यादीत माझं नाव नसलं तर मीच रस्त्यावर. उशिरा सांगावं, तर मुलांच्या शाळा बघून घर शोधणारी मंडळी मे महिन्यातच कुठेतरी टेकलेली असतात. मग पावसाळाभर वरचा मजला रिकामा. त्यात आमचं डिपॉझिट, पन्नास हजार, काकांनी मुदतठेवीत टाकलेलं. ती ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापलं जाईल, हे मला तोंडपाठ आहे. ती ठेव माझ्याच शाखेत मीच करून दिली होती.

शेवटी सांगायचं ठरवलं. काकूंची वाटी परत करायच्या निमित्ताने खाली गेले. आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून थोडा शिरा घातला होता. काकूंनी शिरा चाखला, वेलची कमी आहे म्हणाल्या, वाटीत कैरीचा तक्कू भरून दिला. मी वर आले. दुसऱ्यांदा गेले ती तक्कूची वाटी घेऊन. अशी ती वाटी पाच वेळा जिना चढली-उतरली. बातमी वरच राहिली.

एप्रिलच्या शेवटी गव्हाचा विषय निघाला. काकू दर उन्हाळ्यात मार्केट यार्डातून वर्षाचा सिहोर मागवतात, त्यांच्यासोबत आमचाही येतो. मग गच्चीवर चादरी, दोन दिवस ऊन, लेकीच्या हातात चिमण्या हाकलायची काठी, आणि शेवटी एरंडेलाचा हात लावून कोठीत. काकूंनी खालूनच विचारलं, "तुझे नेहमीसारखे ऐंशी ना गं?"

"या वेळी वीसच सांगा काकू."

खालून काही उत्तर आलं नाही. पाच मिनिटांनी गुडघे सांभाळत काकू स्वतः जिना चढून आल्या. एरवी त्या संक्रांतीला वर येतात.

"कुठे टाकलं?"

"अजून कुठेच नाही हो. नुसती चर्चा आहे."

"वीस किलोंची चर्चा आहे म्हणजे," असं म्हणून त्या खुर्चीवर बसल्या. मी नांदेड सांगितलं, रत्नागिरी सांगितलं. नांदेडला ऊन फार, असं त्या म्हणाल्या. रत्नागिरीला पाऊस फार. मग बराच वेळ त्यांनी समोर वाळत घातलेला लेकीचा युनिफॉर्म पाहिला आणि त्याचं बटण तुटलंय हे मला सांगितलं.

माझी धास्ती काकांची होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा चढवला आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख आणि रक्तदाबाची गोळी एकाच पेन्सिलीने नोंदलेली असते. मेच्या शेवटच्या चौकोनात त्यांनी लिहिलं, 'वरचे – बदली?' प्रश्नचिन्ह जरा मोठंच काढलं.

"यादी लागेपर्यंत एजंटला बोलत नाही," ते म्हणाले. "पण लागली की त्याच संध्याकाळी सांगायचं. व्हॉट्सॲपवर नाही, खाली येऊन."

करारात नसलेलं कलम असं तोंडी पडलं. अंगठा लावायची गरज पडली नाही. तेव्हापासून फाटक उघडताना काका विचारतात, "काय, लागली?" मी मान हलवते, ते परत पेपरात जातात. काकूंनी मात्र मला न विचारता गहू चाळीस किलो मागवला. "उरला तर आम्ही खाऊ," म्हणाल्या.

मे संपला, यादी आली नाही. एक तारखेला भाडं द्यायला खाली गेले तर काका कालनिर्णयाचं पान उलटत होते. जूनच्या शेवटच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने पुन्हा तेच लिहिलं, प्रश्नचिन्हासकट, आणि त्याखाली बारीक अक्षरात: मागील पानावरून पुढे.